विजेची लोकल, विजेची गिटार आणि वसई-विरारमधली रात्र

१/
सन १९३६. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने बोरिवलीपुढचा मार्ग विद्युतीकृत केला आणि विजेवर धावणारी लोकल विरारपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी अमेरिकेत गिब्सन कंपनीने 'ईएस-१५०' नावाची विजेची गिटार बाजारात आणली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पण आज विरार, नालासोपारा वा वसईतल्या एखाद्या घरात कोणी पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघते, तेव्हा त्या निवडीत या दोन्ही विजा एकत्र येतात. त्या निवडीचा हा इतिहास.

२/
प्रथम आवाजाबद्दल. वसईत आवाज ही पूर्वापार सार्वजनिक गोष्ट होती. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत किल्ल्यात आणि आसपास चर्च उभी राहिली, त्यांच्या मनोऱ्यांत घंटा चढल्या. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला जिंकला आणि त्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा ही त्यांतली प्रसिद्ध उदाहरणे. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येते.

३/
घंटा का नेल्या? कारण साऱ्या गावाला ऐकू जाणारा आवाज ज्याच्या हाती, त्याची तेथे सत्ता. चर्चचे गायन, लग्नातला बँड, देवळातली आरती, गणपतीतले ढोल हे सगळे आवाज याच जातीचे आहेत. ते इतरांनी ऐकावेत म्हणूनच काढलेले असतात. सरावाचा आवाज मात्र वेगळ्या जातीचा. तो चुकतो, अडखळतो, तीच ओळ चाळीस वेळा म्हणतो. तो इतरांनी ऐकू नये, अशीच वाजवणाऱ्याची इच्छा असते. घरातल्या गिटारचा सारा प्रश्न या एका फरकात आहे.

४/
आता गिटारकडे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतल्या नृत्यवाद्यवृंदांत तुताऱ्या आणि ढोलांपुढे गिटार ऐकूच येत नसे. उपाय भौतिकशास्त्रात होता. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले होते की तारेच्या वेटोळ्यालगतचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि वेटोळे बसवले की तारेचे कंपन विजेच्या कंपनात उतरते. या जोडणीला 'पिकअप' म्हणतात. जॉर्ज बोशाम्प आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी अशी हवाईयन गिटार बाजारात आणली. तिच्या आकारामुळे लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत.

५/
'ईएस-१५०' हे नाव ध्यानात घेण्यासारखे आहे. 'ईएस' म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश आणि १५० म्हणजे किंमत, डॉलरमध्ये. ही किंमत नुसत्या गिटारची नव्हती. गिटार, अँप्लिफायर आणि त्यांना जोडणारी केबल, असा तो पूर्ण संच होता. इलेक्ट्रिक गिटार हे एकटे वाद्य नाही, ती तीन वस्तूंची साखळी आहे, हे पहिल्या विक्रेत्यांनाच उमगले होते. नवशिक्या मात्र आजही बहुधा सगळे पैसे पहिल्या कडीवर खर्च करतो.

६/
पुढची पायरी भरीव देहाची. पोकळ गिटारचा आवाज मोठा केला की अँप्लिफायरचा ध्वनी तिच्या पेटीत शिरून ती स्वतःच किंचाळू लागे. म्हणून लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार विकायला काढली. ती पुढे 'टेलिकास्टर' झाली. १९५२ मध्ये गिब्सनची 'लेस पॉल' आणि १९५४ मध्ये फेंडरची 'स्ट्रॅटोकास्टर' आली. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक स्वस्त गिटार याच तीन घराण्यांच्या वंशज आहेत.

७/
येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. भरीव गिटार घडली ती रंगमंचावर अधिक मोठा आवाज काढता यावा म्हणून. पण पोकळ पेटीच नसल्यामुळे, वीज न जोडता वाजवली तर ती साध्या लाकडी गिटारच्या मानाने अगदी हळू वाजते. मोठ्या आवाजासाठी जन्मलेले हे वाद्य घरात सगळ्यांत शांत ठरते. 'इलेक्ट्रिक आणलीस तर शेजारी तक्रार करतील' ही पालकांची भीती म्हणून बरीचशी उलटी आहे. अकूस्टिक गिटारचा आवाज कमी करण्याची कळ तिच्यावर नसते, इलेक्ट्रिकवर असते.

८/
भारतात हा विजेचा ध्वनी प्रथम हवाईयन गिटारच्या रूपाने रुळला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी तो घरोघरी नेला. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' चित्रपटातली गिटार भूपिंदर सिंग यांची. त्याच सुमारास मुंबईत 'सिमला बीट' स्पर्धा गाजत होती आणि तिच्यातल्या बँडच्या ध्वनिमुद्रिका १९७० व १९७१ मध्ये निघाल्या. १९८६ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला. हौस होती, श्रोते होते. वाद्य मिळणे तेवढे कठीण होते.

९/
आयात परवाने आणि जबर जकात यांमुळे १९९१ पूर्वी परदेशी गिटार सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. पर्याय दोन: परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाची वाट पाहणे किंवा कोलकात्यासारख्या शहरांतल्या कारखान्यांत बनलेले देशी वाद्य घेणे. आणि तरीही फेंडरच्या असंख्य गिटारांवर, जेथे बोटे टेकतात ती पट्टी, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतीय शिसवीची असे. लाकूड येथून जात होते, वाद्य येत नव्हते.

१०/
आज चित्र पालटले आहे. फेंडरने १९८२ मध्ये जपानमध्ये 'स्क्वायर' नावाने स्वस्त गिटार सुरू केल्या, यामाहाची 'पॅसिफिका' १९९० मध्ये आली, पुढे चीन आणि इंडोनेशियातल्या कारखान्यांनी दर्जा टिकवून किंमत उतरवली. विरारहून चर्चगेटची लोकल धरून धोबीतलावला जावे, जेर महालमधल्या १८६५ सालच्या फुर्ताडोसमध्ये दहा गिटार हातात घेऊन पाहाव्यात, हे आता एका सुट्टीच्या दिवसाचे काम आहे. अडचण मिळण्याची उरली नाही, निवडण्याची आहे.

११/
निवडताना पहिला प्रश्न कोणता? वसई-विरारपुरते बोलायचे तर घड्याळाचा. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती आणि त्यांतले कितीतरी जण रोज मुंबईला जातात. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे ६० किलोमीटर. पहाटे निघालेले माणूस रात्री नऊला घरी येते. जेवण आटोपते तोवर दहा वाजतात. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र सुरू होते ती नेमकी दहाला: निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सरावाला मिळणारा एकमेव तास हा शांततेचा तास असतो.

१२/
म्हणून अँप्लिफायर घेताना वॅट मोजण्यात अर्थ नाही. १०० वॅटचा अँप १० वॅटच्या दसपट मोठा वाटत नाही. फरक पडतो १० डेसिबलचा, कानाला जेमतेम दुप्पट. उलट गिटारचा स्पीकर एका वॅटवरच, एक मीटर अंतरावर, ९० डेसिबलच्या आसपास सहज जातो. एका खोलीसाठी १० वॅटदेखील चैन आहे. पाहायचे ते एवढेच: हेडफोनचे भोक आहे का, फोनवरचे गाणे सोबत वाजवण्यासाठी दुसरे भोक आहे का, आणि आवाज अगदी खाली आणला तरी स्वर स्वच्छ राहतो का.

१३/
हेडफोनवर गिटार ऐकण्याची सोय लोकांपर्यंत नेणाऱ्यांत 'बॉस्टन' बँडचे टॉम शोल्झ अग्रभागी होते. हे गृहस्थ एमआयटीचे अभियंते. घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण करणाऱ्या या माणसाने १९८२ मध्ये 'रॉकमन' काढला, कमरेला अडकवता येणारा हेडफोन-अँप. १९९८ मध्ये 'लाइन ६' कंपनीच्या 'पॉड'ने नामांकित अँप्लिफायरांचे आवाज संगणकीय गणिताने उभे केले. आज मुठीत मावणारे, थेट गिटारमध्ये खोचायचे हेडफोन-अँपही मिळतात. ज्याच्या घरी एकच खोली आणि पाच माणसे आहेत, त्याने मोठ्या अँपऐवजी हेच आधी घ्यावे.

१४/
तिसरा मार्ग फोन किंवा संगणकाचा. त्यासाठी गिटार आणि यंत्र यांच्यामध्ये एक छोटा 'ऑडिओ इंटरफेस' लागतो. गिटारचा संकेत दुबळा असतो. त्याला उच्च प्रतिरोधाचे, साधारण १ मेगाओहमचे, दार हवे. म्हणून टेपरेकॉर्डर वा होम थिएटरच्या भोकात थेट खोचलेली गिटार मलूल वाजते. दुसरे पथ्य: ब्लूटूथ हेडफोन टाळावेत. तार छेडल्यावर आवाज शतांश सेकंदाहून बराच उशिरा आला की हात आणि कान यांची फारकत होते आणि ताल बिघडतो. तारेचा हेडफोनच योग्य. आवाजही बेताचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, याहून अधिक नको अशी आहे.

१५/
गिटार निवडताना दोन इतिहास उपयोगी पडतात. एक गुणगुणीचा. एका वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची भुणभुण, पंख्याचा रेग्युलेटर आणि चार्जर यांचा गोंगाटही टिपतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी यावर उलट्या वेटोळ्यांची जोडी योजली. दोन्हींतली भुणभुण एकमेकांना मारते, तारेचा स्वर मात्र बेरजेत येतो. हा 'हंबकर' १९५७ पासून गिटारांवर दिसू लागला. छोट्या घरात सगळी उपकरणे हाताच्या अंतरावर असतात, तेथे निदान एक हंबकर असलेली गिटार सोयीची. आणि अँप नेहमी अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवरच लावावा.

१६/
दुसरा इतिहास बोटांचा. तारा पट्टीपासून फार उंच असतील तर बोटे सोलवटतात आणि हौस महिन्याभरात मावळते. कितीतरी जणांनी गिटार सोडली ती कान नाही म्हणून नव्हे, तारा उंच होत्या म्हणून. १९६०च्या दशकात अर्नी बॉल यांनी पातळ तारांचे संच विकायला काढले तेव्हा वादकांनी त्यांचे स्वागत केले, ते याच कारणाने. नवशिक्याने ००९ ते ०४२ इंचांचा संच लावावा आणि घेतानाच दुकानात गिटारची 'सेटिंग' करून मागावी. स्वरदांडीची हलती, स्प्रिंगांवर तरंगणारी रचना टाळून स्थिर ब्रिज घ्यावा. सूर लावणे सोपे जाते, एक तार तुटली तरी बाकीच्या बेसूर होत नाहीत.

१७/
वसईचा पाऊस आणि खाडीचा दमटपणा हाही या हिशेबात धरायचा. पोलादी तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने त्या पुसाव्यात, पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, पिशवीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. आणि वीज जाते तेव्हाचा विचार करून बॅटरीवरही चालणारा अँप मिळाला तर उत्तम.

१८/
हिशेब असा मांडावा: एकूण रकमेचा मोठा भाग चांगल्या सेटिंगच्या गिटारवर, उरलेल्यातून हेडफोनची सोय असलेला छोटा अँप किंवा हेडफोन-अँप, आणि केबल, पट्टा, पिक, ट्यूनर, तारांचा जादा संच यांच्यासाठी काही रक्कम आधीच बाजूला. ही केबलसुद्धा इतिहासाचा अवशेष आहे. तिचे ६.३५ मिलिमीटरचे टोक एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आले. ऑपरेटर दोन माणसे जोडायचे तेच हे टोक.

१९/
अमेरिकेतल्या सिअर्स कंपनीने १९६२ मध्ये 'सिल्व्हरटोन' गिटार विकायला आणली तेव्हा तिच्या पेटीतच अँप्लिफायर बसवलेला होता. डाकेने एक खोका घरी यायचा आणि त्यात सगळे असायचे. असंख्य मुलांची सुरुवात अशा स्वस्त खोक्यांतून झाली. पहिले वाद्य थोर असावे लागत नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घ्यावेसे वाटले पाहिजे.

२०/
१७३९ मध्ये वसईच्या घंटा दूर नेल्या गेल्या, कारण त्यांचा आवाज दूरवर जात होता. आज रात्री साडेदहाला नालासोपाऱ्यातल्या एखाद्या खोलीत आई झोपली आहे, धाकटा भाऊ अभ्यास करतो आहे, आणि कोणी हेडफोन लावून एकच सूर पुन्हा पुन्हा छेडते आहे. बाहेर फक्त तारांची बारीक टिकटिक ऐकू येते. वसईच्या ध्वनीच्या इतिहासात या टिकटिकीलाही जागा आहे. पुढे कधी तो सूर लग्नाच्या मांडवात किंवा चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर वाजेल. तोवर पहाटेची लोकल चुकू नये, म्हणून बरोबर साडेअकराला केबल काढून ठेवायची.