आडनावातले गाव

‘आपण मूळचे कोठले?’ हा प्रश्न कर्जत-खालापूरच्या मंडळींना नवा नाही. १८५६ साली खोपोलीपर्यंत आगगाडी आली, १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला, १९१५ साली खोपोलीस टाटांचे वीजगृह सुरू झाले. कामामागून माणसे आली व येथलीच झाली. पण माणूस येथला होतो केव्हा? आपल्याच जिल्ह्यातील एका समाजाकडे पाहून याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

तो समाज बेने इस्राएलांचा. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आपले पूर्वज येथे आले, असे ते परंपरेने सांगतात. त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. धर्म त्यांनी आपला राखला. भाषा मात्र मराठी झाली आणि आडनावे पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडली.

या समाजातील निसिम इझिकेल १९२४ साली मुंबईत जन्मले. ते कविता इंग्रजीत लिहीत. पण घाण्यावरचे पूर्वज त्यांच्या कवितेत आले. १९४८ साली ते लंडनला गेले. त्याच वर्षी इस्राएलचे राज्य स्थापन झाले व पुढे समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. इझिकेल मात्र १९५२ साली मुंबईस परतले आणि २००४ साली वारले ते मुंबईतच.

तिकडे गेलेल्यांचे काय झाले? १९६२ साली तेथील धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी सांगितली. येथे शनिवार पाळणारे म्हणून वेगळे ठरलेले लोक तेथे यहुदी असल्याचा पुरावा देऊ लागले! मोठ्या चळवळीनंतर १९६४ साली त्यांना न्याय मिळाला. त्यांच्यांतील काहींनी तेथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

त्याच १९६४ साली व्ही. एस. नायपॉल यांचे भारतावरील कठोर पुस्तक निघाले. त्रिनिदादला गेलेल्या भारतीय कुटुंबात ते जन्मले होते. त्यांना इझिकेलांनी निबंधातून उत्तर दिले. देशातील दोष त्यांनी नाकारले नाहीत. दोष दिसले म्हणून पाठ फिरविणे त्यांना मान्य नव्हते. रक्ताने भारतीय असलेला लेखक परक्यासारखा पाहतो आणि बाहेरून आलेल्यांचा वंशज घरच्यासारखा भांडतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे याच इझिकेलांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या.

म्हणून आम्ही म्हणतो, आडनावातले गाव पूर्वजांकडून मिळते. त्या गावाचे बरेवाईट आपले मानणे मात्र प्रत्येक पिढीस स्वतःच करावे लागते. आपल्या आळीत उद्या नवे बिऱ्हाड आले, तर ‘मूळचे कोठले?’ हे अवश्य विचारावे. पण त्या उत्तरावर त्यांची पारख करू नये.