वातावरणनिर्मितीचा इतिहास : कोल्हापूरच्या चित्रित पडद्यापासून व्हिडिओ गेमपर्यंत

प्रस्तावना :

व्हिडिओ गेम हे आजच्या तरुण पिढीच्या करमणुकीचे एक प्रमुख साधन आहे. गेम खेळणारा तरुण तासन्‌तास पडद्यासमोर बसतो, घरच्यांनी हाका मारल्या तरी त्याला ऐकू येत नाहीत आणि खेळ संपल्यावर त्या कल्पित जगाविषयी तो स्वतः तेथे जाऊन आल्याप्रमाणे बोलतो. या अनुभवाची चर्चा आपल्या समाजात बहुधा व्यसनाच्या अंगाने होते. कलेच्या इतिहासाच्या अंगाने ती क्वचितच होते. वास्तविक, प्रेक्षकाला त्याच्या आसनावरून उचलून दुसऱ्या जगात नेण्याची विद्या संगणकाबरोबर जन्माला आलेली नाही. कोल्हापूर शहरात विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत या विद्येचे अनेक प्रयोग झाले. गेममधील वातावरण कशामुळे परिणामकारक ठरते, या प्रश्नाचा त्या प्रयोगांच्या आधारे ऐतिहासिक पद्धतीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :

अमेरिकन अभ्यासक जॅनेट मरे यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अनुभवाला पाण्यात बुडी मारण्याची उपमा दिली आहे. पाण्यात शिरलेल्या माणसाला सर्व बाजूंनी निराळ्याच द्रव्याने वेढल्याची जाणीव होते व तेथे वावरण्याची रीत नव्याने शिकावी लागते. मराठीत यासाठी तल्लीनता, तादात्म्य, रंगून जाणे असे शब्द आहेत. भारतीय नाट्यविचारात याहून नेमकी परिभाषा आढळते. भरताच्या परंपरेत भावाला कारण होणाऱ्या विभावाचे दोन प्रकार मानले गेले. ज्याच्या आश्रयाने भाव उत्पन्न होतो तो आलंबन विभाव आणि चांदणे, उपवन, ऋतू, एकांत यांसारखा त्या भावाला चेतवणारा परिसर म्हणजे उद्दीपन विभाव. आज गेमच्या संदर्भात ज्याला वातावरण म्हटले जाते, ते बव्हंशी उद्दीपन विभावाचेच क्षेत्र होय.

नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागाची कल्पनाही येथे उपयुक्त ठरते. नटाने रंगमंचावर फेरी मारली की स्थळ बदलले असे प्रेक्षक मानतो. यासाठी नगर किंवा अरण्य उभे करावे लागत नाही. संकेत ठरलेला असावा आणि तो प्रयोगभर पाळला जावा, एवढेच पुरते. परिसराने भाव चेतवणे आणि संकेताने स्थळ सिद्ध करणे या दोन सूत्रांचा पुढील विवेचनात आधार घेतला आहे.

चित्रित पडदा व नाट्यगृह :

संगीत नाटकांच्या वैभवकाळात राजवाडा, उद्यान, अरण्य, रस्ता अशी दृश्ये रंगवलेले पडदे हे नाटक मंडळीचे मोठे भांडवल असे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे आतेमामे भाऊ असे पडदे रंगवण्यात निष्णात होते. पुढे दोघांनाही पेंटर हेच नाव चिकटले. सपाट कापडावर यथादर्शन साधून खोलीचा भास निर्माण करणे हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होते.

मात्र पडद्याचा भास एकट्या पडद्यावर अवलंबून नसतो. प्रेक्षागृहातील अंधार, रंगमंचावरील उजेड, आवाजाची फेक, बसण्याची व्यवस्था या सर्वांचा त्यात वाटा असतो. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत 1915 मध्ये कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाऊ लागले. पडदा हे कल्पित जगाचे चित्र असेल, तर नाट्यगृह ही त्या जगाची वेस होती. वेशीच्या आत आल्यावर बाहेरचे व्यवहार विसरायचे, हा अलिखित करार तेथे पाळला जाई.

पडद्याकडून वास्तूकडे : बाबूराव पेंटर यांचे कार्य :

चित्रपटाच्या ध्यासाने या दोघा बंधूंनी स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचा उद्योग आरंभला. 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाले. त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने 1918 च्या सुमारास कॅमेरा सिद्धीस नेला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे भासले की पुढे त्याला कात्री लागली. पडद्यावरील हालचाल हा केवळ छायाप्रकाशाचा खेळ आहे, हे ठाऊक असूनही प्रेक्षक हादरत होता. या घटनेत तादात्म्याचे सामर्थ्य आणि त्याविषयीची सत्तेची धास्ती या दोन्ही गोष्टी दिसतात. गेमविषयी आज व्यक्त होणारी चिंता त्या धास्तीचीच पुढील आवृत्ती म्हणता येईल.

बाबूरावांच्या कार्याचे महत्त्व प्रामुख्याने दोन बाबतींत आहे. पडदे रंगवण्यात हयात घालवलेल्या या कलावंताने चित्रपटात मात्र रंगवलेला पडदा मागे टाकला आणि माणसे खरोखर वावरत असावीत अशी घनाकार नेपथ्यरचना आणली. रंगभूमीच्या प्रेक्षकाचे आसन ठरलेले असते, तर कॅमेरा जागा बदलतो. कॅमेरा हलला की सपाट पडद्याचे बिंग फुटते, हे त्यांनी ओळखले. दुसरी बाब प्रकाशाची. ‘सिंहगड’ (1923) या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. तोवर चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. दिवा हाती आल्यावर काय दाखवायचे याबरोबरच काय अंधारात ठेवायचे, हेही दिग्दर्शकाच्या अधिकारात आले. गडावरील रात्रीच्या प्रसंगासाठी हा अधिकार मोलाचा होता.

ध्वनी आणि मौन :

‘सावकारी पाश’ हा चित्रपट बाबूरावांनी दोनदा केला. 1925 मध्ये तो मूकपट होता, तर 1936 मध्ये बोलपट. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी बोलपटातील एका दृश्याची आठवण मोठ्या आदराने नोंदवली आहे. मंद उजेडात दुरून दिसणारी एक उदास झोपडी आणि सोबत केवळ कुत्र्याचे रडणे, एवढाच त्या दृश्याचा ऐवज. सावकाराने नाडलेल्या शेतकऱ्याचे दैन्य सांगण्यासाठी तेथे संवाद नाही. परिसरच बोलतो. उद्दीपन विभावाचे याहून चपखल उदाहरण मराठी चित्रपटात क्वचित सापडेल.

1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने हा वारसा पुढे नेला. दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे तिचे चार संस्थापक महाराष्ट्र फिल्म कंपनीतच घडले होते. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी होते. 1933 मध्ये प्रभात पुण्यास गेली. तेथे 1937 मध्ये तयार झालेल्या ‘कुंकू’ चित्रपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि दृश्यातील वस्तूंच्या आवाजांवर भिस्त ठेवली. भिंतीवरचे घड्याळ हे त्यात वृद्ध पतीच्या ओसरत्या आयुष्याचे प्रतीक बनते. जो आवाज त्या घरात खरोखर उमटेल, तोच प्रेक्षकाला ऐकवायचा, ही शिस्त त्यामागे होती. अशा शिस्तीमुळे प्रेक्षक त्या वाड्याबाहेर पडू शकत नाही.

व्हिडिओ गेमचा प्रांत :

आता गेमकडे वळू. 1978 मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या गेममध्ये चित्रे म्हणजे काही ठिपक्यांचे आकार होते आणि संगीत म्हणजे चार खर्जाचे स्वर. शत्रूंची संख्या घटत जाई, तसा त्यांचा वेग वाढे आणि स्वरांची लयही वाढे. कमी आकृत्या रेखाटाव्या लागल्याने यंत्र अधिक जलद चाले, हे वेगवाढीचे मूळ कारण होते. यंत्राच्या या मर्यादेलाच निर्मात्याने खेळाचा प्राण बनवले. 1999 च्या ‘सायलेंट हिल’ या भयगेममध्येही असेच घडले. दूरचा परिसर दाखवण्याची तत्कालीन यंत्राची क्षमता तोकडी होती. म्हणून सारे गाव दाट धुक्यात गुरफटले गेले. धुक्यापलीकडे काय आहे हे दिसत नाही, नायकाजवळचा रेडिओ खरखरू लागला की काहीतरी जवळ आले एवढेच कळते. उरलेली भीती खेळणारा स्वतःच्या मनातून पुरवतो. धुक्यातील ते गाव आणि अंधुक उजेडातील ती झोपडी यांच्यामागील तत्त्व एकच आहे.

मग गेमने नवे काय आणले, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर ‘प्रतिसाद’ हे आहे. नाटकात फेरी नट मारतो, चित्रपटात कॅमेरा हलतो, तर गेममध्ये खेळणारा स्वतः चालतो. दार ढकलले तर ते उघडले पाहिजे; न उघडल्यास त्याचे कारण त्या जगाच्या नियमांत सापडले पाहिजे. चित्र कितीही हुबेहूब असले तरी नियम मोडताच भास विरतो. कॅमेरा हलल्यावर सपाट पडद्याचे जे होत असे, तेच येथे नियमभंगाने होते. कक्ष्याविभागाचा संकेत गेममध्ये असा खेळणाऱ्याच्या हाती येतो.

महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या गेमचा निर्देश करावा लागेल. त्यातील वास्तूंवर राजस्थानी स्थापत्याची छाप आहे, दुर्गा व विष्णू हे निवेदन करतात आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या शैलीत उलगडतात. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपलेल्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाशी या शैलीचे नाते सहज ध्यानात येते. एक दिवा, एक पडदा आणि सावली, एवढ्या अल्प सामग्रीवर तो खेळ पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला.

साधनांच्या जतनाचा प्रश्न :

वातावरणाच्या इतिहासाची एक मोठी अडचण आहे. नाटकाची संहिता उरते, चित्रपटाची कथा सांगता येते. वातावरण मात्र मूळ वस्तू नष्ट झाली की तिच्याबरोबर जाते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतांश मूकपट आज उपलब्ध नाहीत. 2003 मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, म्हणजे केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, त्यांच्याच नावाचे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. वास्तू पुन्हा उभारता येते. परंतु जुन्या लाकडी रंगमंचावर उमटणारा आवाज आणि तेथील उजेड यांची पद्धतशीर नोंद नसेल, तर उभारायचे ते नेमके काय, हा प्रश्न उरतो. गेमचीही स्थिती वेगळी नाही. अमेरिकेत 2010 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी सुमारे 87 टक्के गेम बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीत आढळले. जुने यंत्र बंद पडले की त्यावरील जगही बंद होते.

निष्कर्ष :

1. वातावरणाचा परिणाम तपशिलाच्या विपुलतेपेक्षा निवडीवर अवलंबून असतो. एक झोपडी व एक आवाज यांतूनही संपूर्ण जग उभे राहते.

2. साधनांची मर्यादा कल्पक कलावंताच्या हाती वातावरणाचे साधन बनते.

3. ठरलेला संकेत अखेरपर्यंत पाळणे ही नाटक, चित्रपट व गेम या तिन्ही माध्यमांची समान अट आहे. गेममध्ये या अटीची कसोटी खेळणारा प्रत्येक पावलाला घेतो.

4. उद्दीपन विभाव, कक्ष्याविभाग या भारतीय संकल्पना नव्या माध्यमाच्या अभ्यासासही उपयुक्त आहेत.

5. नाट्यगृहांचे ध्वनी व प्रकाश, रंगवलेले पडदे, चित्रपटांच्या प्रती आणि गेम यांचे दस्तऐवजीकरण हे इतिहासाचे कार्य मानून महाविद्यालयांनी ते हाती घेणे आवश्यक आहे.

कोल्हापूरच्या ज्या कारागिरांनी कापडावर अरण्य उभे केले, त्यांनी रंग जपून वापरला आणि उरलेले प्रेक्षकाच्या मनावर सोपवले. संगणकावर जग रचणाऱ्या आजच्या तरुणाला हा वारसा उपयोगी पडावयाचा असेल, तर त्याचे जे अवशेष हाती आहेत ते प्रथम वाचवले पाहिजेत.