इंजिन बदलण्याआधी : रोटरी इंजिनाचा आणि त्याच्या निदानाचा इतिहास

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय एका इंजिनाचा इतिहास आहे, पण सुरुवात आपण एका अडचणीपासून करू. समजा, आपल्यापैकी कुणाची भाची इंग्लंडात नोकरीला आहे. तिने तिथे हौसेने जुनी मझदा आरएक्स-८ घेतली. दिसायला देखणी, पळायला तुफान आणि किंमत संशय यावा इतकी कमी. सकाळी थंड गाडीला सेल्फ मारला की लगेच चालू. वीस मिनिटं फिरवून पेट्रोल भरायला थांबवली की मात्र चालूच होत नाही. तासाभराने, थंड झाल्यावर, पुन्हा चालू. गॅरेजवाला म्हणतो, "इंजिन गेलं, दुसरं टाका." दुसरं इंजिन टाकायचं तर खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाणार. तर भाचीने काय करावं?

आपल्याकडे मझदा हे नाव पोचलं ते स्वराज मझदाच्या बस आणि ट्रकमुळे. त्यांत साधी डिझेल इंजिनं. आरएक्स-८ चं इंजिन मात्र वेगळ्याच कुळातलं आहे आणि भाचीच्या प्रश्नाचं उत्तर त्या कुळाच्या इतिहासात सापडतं.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरीत पिस्टन नाही आणि वॉल्व्हही नाहीत. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत, फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. समोशाचा आकार डोळ्यांसमोर आणा. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि पोकळीची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरतो तसे हे कप्पे लहान-मोठे होतात आणि हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं ही कामं ओळीने होत जातात. हे कप्पे एकमेकांपासून वेगळे ठेवतात ते रोटरच्या तीन टोकांवर बसवलेले तीन सील. टोकाचे सील म्हणू त्यांना. हे इंजिन चालणं न चालणं बव्हंशी त्यांच्यावर ठरतं.

हे डोक्यात आलं फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या. जन्म १९०२ चा, इंजिनिअरिंगचं औपचारिक शिक्षण नाही. नेकरझुल्मच्या एनएसयू कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचं इंजिन पहिल्यांदा धावलं. त्या रचनेत बाहेरचं घरही फिरायचं. एनएसयूच्या हान्स-डीटर पाश्के यांनी घर स्थिर ठेवून आत फक्त रोटर फिरवला, आणि पुढे वापरात आली ती हीच रचना. आकाराने लहान, भाग थोडे, थरथर जवळजवळ नाही. जगभरच्या कंपन्या परवान्यासाठी रांगेत उभ्या राहिल्या.

त्या रांगेत हिरोशिमाची तोयो कोग्यो होती, म्हणजे आजची मझदा. १९२० साली बुचाच्या लाकडाचा माल बनवणारा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी. साठीच्या सुरुवातीला जपान सरकारच्या मनात लहान मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करायचं होतं. दुसऱ्या कुणाकडे नाही असं काही हातात असल्याशिवाय आपण टिकत नाही, हे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदांनी ओळखलं आणि १९६१ मध्ये एनएसयूशी करार पक्का झाला. करार झाल्यावर कळलं की विकत घेतलेली वस्तू अर्धवट आहे. काही तास चालवून इंजिन उघडलं की आतल्या भिंतीवर ओळीने आडवे ओरखडे. कामगारांनी त्यांना नाव दिलं, सैतानाच्या नखांचे ओरखडे. १९६३ मध्ये केन्इची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचं वेगळं खातं उघडलं. जपानी लोकांना त्यांच्या गोष्टीतल्या ४७ सामुराईंची आठवण होणारच, आणि ती करून दिलीही गेली.

आता इथे जरा थांबू, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. ओरखडे दिसले की आपण काय म्हणू? सील मऊ असेल किंवा भिंत मऊ असेल, काहीतरी कठीण लावा. त्यांनीही आधी तेच केलं. नाना धातू झाले, अगदी प्राण्यांच्या हाडांपर्यंत मजल गेली. ओरखडे काही जाईनात. मग प्रश्न बदलला. सील झिजतोय का, याऐवजी सील थरथरतोय का, असं विचारलं गेलं. उत्तर मिळालं, हो. भिंतीवरून सरकताना सील स्वतःच्या कंपनसंख्येने नाचत होता आणि प्रत्येक उडीला एक ओरखडा उमटत होता. सीलच्या टोकाजवळ आडवी-उभी छिद्रं पाडून त्याची कंपनसंख्या बदलली आणि ओरखडे थांबले. विक्रीच्या इंजिनात पुढे अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचे सील आले. ३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

त्याच वर्षी जर्मनीत एनएसयूने रो ८० आणली. तिला १९६८ चा युरोपातला 'कार ऑफ द इयर' किताब मिळाला. पण तिचे सील लवकर झिजत. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तर जास्तच. इंजिन इतकं गुळगुळीत की फेऱ्या किती वाढल्या हे चालवणाऱ्याला कळायचंच नाही. तक्रार आली की एनएसयू मोठ्या मनाने अख्खं इंजिन बदलून देई. रो ८० चे मालक रस्त्यात भेटले की हात हलवण्याऐवजी बोटं दाखवायचे म्हणे, माझी तीन इंजिनं झाली, तुझी किती? या गाडीचे जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात. बदललेल्या इंजिनांपैकी बरीचशी मुळात धड होती. दोष प्लगचा किंवा इग्निशनचा, आणि मेकॅनिकला हे इंजिन नवं. मग काय, काढा आणि पाठवा कारखान्यात! हा खर्च लहान कंपनीला झेपला नाही. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवागेनच्या पंखाखाली गेली आणि १९७७ मध्ये रो ८० बंद झाली.

तर बघा, एकच शोध आणि दोन गावं. हिरोशिमात निदान झालं, नेकरझुल्ममध्ये अदलाबदल झाली. सगळा फरक एवढ्याचाच होता असं आपण म्हणणार नाही. पैसा, चिकाटी, नशीब हे सगळं असतं. पण भाचीसमोर गॅरेजवाल्याने ठेवलेला पर्याय नेमका नेकरझुल्मचा आहे.

पुढचा इतिहास भराभर घेऊ. १९७३ च्या तेलटंचाईत या इंजिनाची पेट्रोलची भूक नडली. १९७८ मध्ये आरएक्स-७ आली. १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७बी ने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. २००३ मध्ये आरएक्स-८ आली आणि २०१२ मध्ये थांबली. तिच्या इंजिनाच्या तक्रारींमुळे अमेरिकेत कंपनीने मूळ इंजिनाची हमी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. म्हणजे नख्या गेल्या तरी सीलची काळजी गेली नाही.

मधे एक चिठ्ठी आली आहे : "गाडी ऑइल खाते म्हणजे इंजिन संपलंच ना?" नेहमीच्या गाडीत बहुधा हो. इथे नाही. टोकाच्या सीलना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतो आणि ते जळतं. त्यामुळे ऑइल कमी होणं हा दोष नव्हे. पट्टी काढून पातळी न बघणं हा मालकाचा दोष. दर दोन टाक्यांना एकदा बघावं.

दुसरी सवय पेट्रोल तुंबण्याची. थंड गाडी चालू केली, दारातून आत घेतली आणि लगेच बंद केली, तर आत राहिलेलं पेट्रोल सीलवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं आणि प्लग भिजवतं. मग दुसऱ्या दिवशी नुसती घरघर. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे पेट्रोल बंद राहतं आणि आतलं बाहेर पडतं. नाहीच जमलं तर प्लग काढून वाळवायचे. इंजिनाला काही झालेलं नसतं.

आता भाचीची तक्रार : थंड असताना चालू, गरम झाल्यावर नाही. खरं सांगायचं तर हे सील गळत असल्याचं नेहमीचं लक्षण आहे. पण याच लक्षणाची स्वस्त कारणंही आहेत, आणि क्रम स्वस्ताकडून महागाकडे हवा. बॅटरी आणि सेल्फ जोरात फिरवतात का? मंद फिरवलं की धड सीलही दाब धरत नाहीत. मग प्लग, प्रत्येक रोटरला दोन, आणि चारही कॉइल. या गाडीच्या कॉइल मरतात. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो वितळून तुंबतो आणि त्या उष्णतेने पुढे इंजिनालाही धोका.

एवढं करून भागलं नाही तर कॉम्प्रेशन मोजायचं, तेही गरम इंजिनावर. इथेच बहुतेक फसतात. साधा मीटर सगळ्यांत मोठा आकडा धरून ठेवतो. एका रोटरला कप्पे तीन, त्यांतला एक जरी धड असला तरी मीटर म्हणणार, सगळं छान. म्हणून तिन्ही आकडे वेगळे दाखवणारा रोटरीचाच मीटर हवा. आरएक्स-८ साठी किमान आकडा २५० फेऱ्यांना ६८० किलोपास्कल आहे, आणि तिन्ही कप्पे जवळजवळ सारखे हवेत. मीटर नसेल तर कान आहेत. पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून एका रोटरचे प्लग काढायचे, सेल्फ मारायचा आणि ऐकायचं. फस, फस, फस असा सारखा ठेका आला तर रोटर धड. तिनातला एक ठोका दबका असेल तर बाजूचा सील. एक जोरात आणि दोन दबके असतील तर टोकाचा सील, कारण तो दोन कप्प्यांमधली भिंत आहे, एक पडला की दोन्ही घरं उघडी.

आणि दोन दबके निघाले तर? तर गॅरेजवाला बरोबर होता, इंजिन उघडावंच लागेल. निदानाने सुटका होतेच असं नाही. पण मग भाची खर्च करेल तो माहितीने करेल, कुणाच्या अंदाजाने नाही. आणि हा ठेका तिने पैसे देण्याआधी ऐकला असता तर किंमत एवढी कमी का, हेही तेव्हाच कळलं असतं.

यामामोतोंच्या लोकांनीही शेवटी हेच केलं. ओरखडे पुसत बसण्याऐवजी ते का पडतात ते बघितलं. पुढच्या वेळी आपल्या दारातली कुठलीही गाडी बंद पडली आणि कुणी "इंजिन गेलं" म्हणालं, तर एवढंच विचारा : "मोजलं का?"