पॅकिंगच्या धुळीचा इतिहास

मंडळी, इंजिन उघडून पुन्हा जोडताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामध्ये जे बसवतात, त्याला गॅरेजात ‘पॅकिंग’ म्हणतात. आज त्याचा इतिहास बघू.

आधी अडचण समजून घ्या. जुन्या इंजिनांत दोन्ही बाजू बिडाच्या. कितीही सपाट घासल्या तरी बारीक फट राहतेच. त्यात मॅनिफोल्ड तापला की फुगतो, निवला की आकसतो. फटीतून सुटणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो गाडीत शिरला तर जिवावर बेततं. म्हणजे दाबल्यावर नीट बसेल आणि जळणार नाही, असं काहीतरी मध्ये हवं.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळातल्या गाडीत, त्यासाठी तांब्याच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस भरलेल्या कड्या असत. तांबं मऊ, खाचाखोचांत बसणारं; अॅस्बेस्टॉस आगीला दाद न देणारा. उपाय इतका चोख की पुढे कित्येक दशकं तोच चालला.

आता दुसरी बाजू. मॉडेल टी धडाक्यात खपत असतानाच, १९२४ साली, इंग्लंडमधल्या रॉचडेलला अॅस्बेस्टॉसच्या गिरणीत काम केलेली नेली कर्शॉ वयाच्या ३३व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांत डॉ. विल्यम कुक यांना त्याच धुळीचे कण सापडले. १९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये नियम झाले. पण कोणासाठी? अॅस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी. गॅरेज त्यात नव्हतंच.

खरी मेख इथेच आहे. नवं पॅकिंग बसवताना फारशी धूळ उडत नाही. उडते ती जुनं काढताना. भाजून ठिसूळ झालेलं पॅकिंग मिस्त्री पात्याने खरवडतो, वर हवा मारतो. जोड पक्का बसायचा तर जागा स्वच्छ हवीच. म्हणजे जो मिस्त्री काम जास्त मन लावून करणार, त्याच्याच छातीत धूळ जास्त जाणार!

हा आजार दिसायला दशकं जातात. म्हणूनच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपायला सांगितलं. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या पोऱ्याची नोंद कोण ठेवणार?

आता ग्रॅफाइटची, पोलादी पत्र्याची पॅकिंग मिळतात. पण जुनी गाडी उघडलीत, तर आतलं पॅकिंग कोरडं खरवडू नका, हवा तर मारूच नका. आधी ओलं करा. एवढं शिकायला फार जीव गेलेत.