देहपालट आणि माणूसपण (मराठी कथावाङ्मयातील)

शरीर मोडले की पात्रातला माणूस झाकला जातो की उघडा पडतो, हा प्रश्न मराठी पोथ्यांनी फार जिव्हाळ्याने हाताळला आहे. त्याचे घरोघरी माहीत असलेले उदाहरण म्हणजे तात्याजी महीपतीच्या ‘शनिमाहात्म्या’तील विक्रम राजा. उज्जयिनीच्या भर सभेत तो शनीची हेटाळणी करतो आणि साडेसातीत सापडतो. परक्या नगरात त्याच्यावर हार चोरल्याचा खोटा आळ येतो. राजा चंद्रसेन त्याचे हातपाय तोडायला लावतो. पुढे एक तेली त्याला घरी नेऊन घाण्यावर बसवतो. चौरंगा झालेला विक्रम तिथे बैल हाकता हाकता गातो. त्याच्या दीपक रागाने नगरातले दिवे आपोआप पेटतात, आणि ते सूर ऐकून राजकन्या पद्मसेना त्यालाच वरायचे ठरवते. हातपाय गेले तरी गळा आणि विद्या त्याच्याजवळच राहिली होती. मात्र कथेचे खरे मोल त्याच्या मागण्यात आहे. शनी प्रसन्न होऊन वर देऊ लागतो, तेव्हा मला छळलेस तसे दुसऱ्या कुणाला छळू नकोस, एवढेच तो मागतो. सभेतल्या उन्मत्त राजाला हे सुचले नसते.

याच्या उलट टोकाला महाभारतातला राजा ययाती आहे. शापाने म्हातारा झाल्यावर तो मुलाचे, पुरूचे, तारुण्य मागून घेतो. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (1959) या कादंबरीचा गाभा हीच हाव आहे.

या विषयात कुर्डुवाडी परिसराचा मान कूर्मदासामुळे आहे. महीपती ताहराबादकरांच्या ‘भक्तविजया’त (1762) त्याची कथा येते. त्याचा देह पालटलेला नाही, जन्मापासूनच तो हातापायांविना आहे. तरीही तो पैठणहून लोळत, सरपटत पंढरीला निघतो. लऊळपर्यंत येतो आणि एकादशी गाठणे अशक्य आहे हे त्याला कळून चुकते. मग तो वारकऱ्यांबरोबर विठ्ठलाला निरोप धाडतो: तूच भेटीला ये. या निरोपात लाचारीचा लवलेश नाही. इतक्या हक्काने बोलणाऱ्याला कुणी दयेचा विषय करू शकत नाही, म्हणून हे पात्र मला विक्रमाहूनही मोठे वाटते. देव नामदेव-ज्ञानदेवांसह निघतो, वाटेत अरणला सावता माळ्याकडे थांबतो आणि लऊळला पोहोचतो. लऊळ आणि अरण ही दोन्ही गावे कुर्डुवाडीच्याच माढा तालुक्यात आहेत. लऊळला कूर्मदासाचे मंदिर आहे, तर अरणला सावतोबांची समाधी (1295).