दादीच्या मेहेरचे रुपये

दादीच्या बटव्यात मेहेरचे रुपये निघाले. काही काळे, काही तांबूस, काहींच्या कडेला हिरवट. घरात कुजबुज झाली, दादाजींनी खोटी नाणी दिली की काय?

नाणी दोन राज्यांची होती. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. चारमिनारच्या कमानीत उस्मान अली खान यांच्या नावाचा ‘ऐन’ असलेला तो हाली रुपया. त्यात चांदी ८१.८ टक्के. इंग्रजांच्या कलदारात ९१.७ टक्के असे. पण महायुद्धात, १९४० पासून, ती निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यात ४० टक्के तांबे, ५ निकेल, ५ जस्त.

हवेतल्या गंधकाच्या वायूने चांदी काळी पडते, ओलीने तांबे हिरवे होते. हलक्या चांदीच्या नाण्यावरचा उजळ थर झिजला की आतला तांबूसपणा उघडा पडतो. म्हणून हे रंग पाहून नाणे खोटे ठरवू नये. चिंच-राखेने घासूही नये. डागाबरोबर अक्षरेही जातात.

बटवा मी तसाच बांधून ठेवला. कलदारातली चांदी सरकारने कमी केली होती. दादाजींनी मेहेर पुरा दिला होता.