भोंगा वाजतो तेव्हा: होलोकॉस्टच्या स्मृतिदिनाची गोष्ट

आजचा विषय जड आहे. बसमध्ये ऐका, भांडी घासताना ऐका, फक्त दुप्पट स्पीडवर नको.

इस्रायलमध्ये दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास एक दिवस येतो. सकाळी बरोब्बर १० वाजता देशभर भोंगा वाजतो, दोन मिनिटं. हायवेवरच्या गाड्या जागच्या जागी थांबतात, ड्रायव्हर खाली उतरून मान खाली घालून उभे राहतात. हा 'योम हाशोआ'. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंना मारलं, त्यांचा स्मृतिदिन. आपल्या कोकणातून तिकडे गेलेले बेने इस्राएलही या भोंग्याला थांबतात, जरी त्यांच्या कोकणातल्या गावांपर्यंत हा संहार कधी पोचला नव्हता.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच. यातून जिवंत बचावलेल्यांना पहिल्यापासून मान मिळाला असेल असं आपण धरून चालतो. तसं नव्हतं. १९५१ साली तिथल्या संसदेने ही तारीख ठरवली, १९५९ साली कायदा केला, पण दिवसाच्या नावातच शौर्य होतं. डोळ्यांसमोर होता १९ एप्रिल १९४३ चा वॉर्सा घेट्टोचा उठाव. ज्यांनी बंदूक उचलली ते हिरो. आणि जो नुसताच जगला? त्याला लोक विचारायचे, 'तू कसा काय वाचलास?' या प्रश्नात अर्धा संशय असायचा. मग बरेच जण गप्पच बसले.

ही कोंडी फुटली १९६१ मध्ये, नाझी अधिकारी आडोल्फ आइखमानवर जेरुसलेममध्ये खटला चालला तेव्हा. शंभराहून जास्त साक्षीदार, त्यातले बहुतेक छळातून बचावलेले. रेडिओवर घराघरांत त्यांच्या साक्षी ऐकल्या गेल्या. माझ्या मते खरा स्मृतिदिन तिथून सुरू झाला.

आणि आता तर तो दिवाणखान्यात आलाय. साधारण १५ वर्षांपूर्वी तिथे 'झिकारोन बासालोन' सुरू झालं. कुणाच्या तरी घरी वीस-पंचवीस माणसं जमतात, सोफ्यावर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे. एक आजी किंवा आजोबा स्वतःवर काय गुजरलं ते सांगतात, मग सगळे बोलतात. स्टेज नाही, हार-तुरे नाहीत, पाहुण्यांची लांबलचक ओळख नाही. (आपल्याकडच्या कार्यक्रमांनी एवढं तरी उचलावं.)

अडचण अशी, की सांगणारेच संपत चाललेत. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्याने आउश्वित्झची छावणी मुक्त केली. २०१५ ला ७० वर्षं झाली, तेव्हा तिथल्या कार्यक्रमाला सुमारे ३०० बचावलेले लोक आले होते. २०२५ ला, जेमतेम ५०. त्या वर्षी आयोजकांनी एक गोष्ट मस्त केली: राजे, राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान सगळे समोर बसले, भाषण एकाही नेत्याचं नाही. बोलले मारियान तुर्स्कींसारखे बचावलेले. तुर्स्की तेव्हा ९८ वर्षांचे होते. तीन आठवड्यांनी ते गेले.

मग उरतात नावं. १९८९ पासून योम हाशोआला ठिकठिकाणी मृतांची नावं मोठ्याने वाचतात. मी इंजिनिअर माणूस, हिशोब केलाच. एका नावाला १० सेकंद धरले तर ६० लाख नावांना, दिवसरात्र न थांबता, ६९४ दिवस लागतील.

पण वाचायला सगळी नावं आहेत कुठे? जेरुसलेमची 'याद वाशेम' ही संस्था १९५० च्या दशकापासून फॉर्म भरून घेतेय, एका माणसाला एक पान. २००४ पासून तो डेटाबेस ऑनलाइन आहे. डेटा किती किचकट असेल विचार करा: एकच आडनाव पोलिश, जर्मन, यिद्दिश, रशियन अशा पाच स्पेलिंगांत. अशी नावं उच्चारावरून जुळवायला १९८५ मध्ये दोन ज्यू वंशावळ-अभ्यासकांनी, गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डाइच यांनी, खास अल्गोरिदमच बनवला.

आतापर्यंत सुमारे ५० लाख नावं जमली. राहिलेल्या १० लाखांत लहान मुलं पुष्कळ आहेत. आईबाप, काका-मामा, शेजारी, शाळेतले मास्तर, सगळे एकाच वेळी मारले गेले. त्यांचा फॉर्म भरायला कुणी उरलंच नाही.